मूत्राशयाचा कर्करोग आणि उतारवय : मूत्राशय राखून होणारे उपचार

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला आधी दिलेला विषय होता 'ठेवी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र'. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दुसरा विषय देत नाहीत. मी म्हटलं, नामनिर्देशनावर पुढच्या महिन्यात बोलतो, आज मला मूत्राशयाच्या कर्करोगावर बोलू द्या. ते म्हणाले, "काका, लोक येतील ना?" आपण सगळे आलात, त्याबद्दल आधी आभार मानतो.

विषय निवडायला दोन कारणं आहेत. पहिलं कारण आपल्या वयाचं. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा मी ५१ वर्षांचा होतो. पाण्याच्या कनेक्शनसाठी महापालिकेत खेटे घालणारे आम्ही सगळे तेव्हा चाळिशी-पन्नाशीत होतो. आज तिन्ही विंगमध्ये सत्तरी ओलांडलेले सभासद मोजले तर दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. आणि हा आजार मुख्यतः याच वयाचा आहे. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर निदानाच्या वेळी निम्म्या रुग्णांचं वय ७३ किंवा त्याहून जास्त असतं. बायकांपेक्षा पुरुषांना तो तीन-चार पटीने अधिक होतो.

दुसरं कारण म्हणजे मी स्वतः. २०२२ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, मला हा आजार झाला. उपचार झाले. आज तीन वर्षांनी माझं मूत्राशय जागेवर आहे आणि ते आपलं काम करतंय.

मी डॉक्टर नाही. मी बी.कॉम. झालेला, ३६ वर्षं बँकेत फाइली तपासलेला माणूस. डॉक्टरांनी जे समजावलं आणि त्यांनी वाचायला दिलेल्या कागदांत जे होतं, तेवढंच सांगणार आहे. यातून कुणी स्वतःचा उपचार ठरवू नये. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते कळलं, तरी माझं काम झालं.

आजार काय आहे

मूत्राशय म्हणजे स्नायूंची एक पिशवी. आतून पातळ अस्तर, त्याच्या खाली एक मऊ थर आणि त्याच्या बाहेर जाड स्नायू. कर्करोग बहुतेक वेळा अस्तरात सुरू होतो. साधारण चारातल्या तीन रुग्णांत तो सापडतो तेव्हा वरच्या थरांतच असतो. अशा वेळी लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून गाठ खरवडून काढतात, आणि गरज पडल्यास मूत्राशयात औषध सोडतात. लहान मुलांना टोचतात तीच बीसीजीची लस इथे वापरली जाते. उरलेल्या चौथ्या रुग्णात मात्र तो स्नायूपर्यंत शिरलेला असतो. मग खरवडणं एकटं पुरत नाही. आज मी बोलतोय ते या चौथ्या रुग्णाबद्दल.

पहिली खूण एकच लक्षात ठेवा : लघवीतून रक्त, आणि तेही न दुखता. एकदा लाल होते आणि दोन दिवसांत आपोआप साफ होते. माणसाला वाटतं, गेलं. ते गेलेलं नसतं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर लोक सगळा दोष गोळीला देतात. बायकांच्या बाबतीत 'इन्फेक्शन' म्हणून अँटिबायोटिकचे कोर्स चालू राहतात. वयस्कर माणसाच्या लघवीत एकदा जरी रक्त दिसलं, तरी सोनोग्राफी आणि दुर्बिणीची तपासणी व्हायलाच हवी.

सर्वांत मोठं कारण तंबाखूचं. विडी-सिगारेटमधली घातक रसायनं रक्तातून मूत्रपिंडात, तिथून लघवीत येतात आणि ती लघवी मूत्राशयात तासन्‌तास साठून राहते. दुसरं कारण काही उद्योगांतली रसायनं. जर्मनीत फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यविशारदांनी १८९५ मध्येच रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत हा आजार होतो हे दाखवून दिलं होतं. ज्यांनी रंग, रबर अशा कारखान्यांत आयुष्य काढलं, त्यांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

मला जून महिन्यात दोनदा लाल लघवी झाली. त्याच आठवड्यात मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो. तीन सेंटिमीटरची एकच गाठ निघाली. दुर्बिणीने काढली आणि रिपोर्ट आला : स्नायूत शिरलेली.

नेहमीचा रस्ता

अशा वेळी नेहमीचा उपचार म्हणजे मूत्राशय काढून टाकणं. तब्येत साथ देत असेल तर आधी सिस्प्लॅटिन नावाच्या औषधाची केमोथेरपी देतात. शस्त्रक्रियेत पुरुषांचं मूत्राशय आणि प्रोस्टेट काढतात. बायकांचं बहुधा गर्भाशयही काढावं लागतं. मग लघवीला वाट म्हणून आतड्याचा एक तुकडा घेऊन त्याचं तोंड पोटावर उघडतात आणि तिथे पिशवी लावतात. काही जणांत आतड्याचंच नवं मूत्राशय बनवता येतं.

या शस्त्रक्रियेची भीती घालायला मी उभा नाही. ती चांगली, कसोटीला उतरलेली शस्त्रक्रिया आहे. पिशवी लावून माणसं प्रवास करतात, लग्नकार्याला जातात. पुष्कळ रुग्णांसाठी आजही तोच योग्य रस्ता आहे. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे. सावरायला महिने लागतात, आणि हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड यांच्या जुन्या तक्रारी असतील तर धोका वाढतो.

माझी स्थिती सांगतो. हृदयात एक स्टेंट. मधुमेह वीस वर्षांचा. मूत्रपिंड किती काम करतं त्याचा एक आकडा असतो, जीएफआर म्हणतात. सिस्प्लॅटिनसाठी तो साधारण ६० लागतो. माझा ४८ होता. आणि घरी सौ. ला पार्किन्सन्स. तिच्या गोळ्यांच्या वेळा, तिच्या ब्लाउजची बटणं, रात्री कूस बदलून देणं, हे सगळं मी करतो. मुलगा बंगळुरूला, मुलगी नाशिकला. मी तीन महिने अंथरुणावर पडलो तर घरात दोन रुग्ण आणि बघणारं कुणीच नाही.

त्या दिवसांत मला दोन प्रकारचे सल्ले मिळाले. काही जण म्हणाले, "काढून टाका, कटकट नको." काही म्हणाले, "या वयात कशाला चिरफाड? आहे तसं राहू द्या." दोन्ही प्रेमापोटी होते, पण माझा रिपोर्ट कुणीच वाचलेला नव्हता. आणि 'राहू द्या' हा काही स्वस्त पर्याय नाही. स्नायूत शिरलेला कर्करोग राहू दिला तर रक्त थांबत नाही, गुठळ्यांनी लघवी अडते, मूत्रपिंड सुजतं. शेवटी माणूस वारंवार इस्पितळातच जातो.

तिसरा रस्ता

माझ्या मूत्ररोगतज्ज्ञांनीच मला सांगितलं, "किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही भेटा. दोघांचं ऐका, मग ठरवा." तिथे मला तिसरा रस्ता कळला. इंग्रजीत त्याला ट्रायमोडॅलिटी म्हणतात. म्हणजे तीन उपचारांची जोड.

पहिला भाग : दुर्बिणीने गाठ जितकी काढता येईल तितकी पूर्ण काढणं. याला टीयूआरबीटी म्हणतात. गरज पडली तर हे दुसऱ्यांदाही करतात. माझं दोनदा केलं.

दुसरा भाग : किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'लाइट घेणं' किंवा 'शेक' म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे, असे २० हप्ते. दुसऱ्या पद्धतीत साडेसहा आठवड्यांत ३२ हप्ते असतात. रोज टेबलावर दहा-पंधरा मिनिटं. काही दुखत नाही.

तिसरा भाग : किरणांबरोबर केमोथेरपीचं हलकं औषध. इथे त्याचं मुख्य काम किरणांची धार वाढवणं हे असतं. मूत्रपिंड अशक्त असलं तरी चालतील अशी औषधं यात आहेत. मला आठवड्यातून एकदा जेमसिटाबाईन लहान मात्रेत दिलं. सिस्प्लॅटिन चालत नाही म्हणून दारं बंद होत नाहीत, हे मला तिथे समजलं.

आकडे काय सांगतात

माणूस बँकेतला, त्यामुळे 'फायदा होतो' एवढ्यावर सही करणार नाही. मी आकडे विचारले.

ब्रिटनमध्ये ४५ केंद्रांत ३६० रुग्णांवर 'बीसी २००१' नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या रुग्णांचं वय ७२ च्या आसपास किंवा त्याहून जास्त होतं, म्हणजे आपल्यासारखीच मंडळी. नुसते किरण घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोक दोन वर्षांनी मूत्राशयात आणि आसपास आजार न उलटता होते. किरणांबरोबर औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं.

मग प्रश्न येतो, शस्त्रक्रियेच्या तुलनेत काय? अमेरिका आणि कॅनडातल्या तीन मोठ्या केंद्रांनी २००५ ते २०१७ मधल्या ७२२ रुग्णांची तुलना २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. ४४० जणांचं मूत्राशय काढलं होतं, २८२ जणांनी हा तिसरा रस्ता घेतला होता. आजार शरीरात इतरत्र न पसरता पाच वर्षं गेली असे रुग्ण शस्त्रक्रियेच्या गटात ७४ टक्के आणि दुसऱ्या गटात ७५ टक्के होते.

पण याच्या खालची बारीक अक्षरंही वाचली पाहिजेत. ही तुलना चिठ्ठ्या टाकून केलेली नाही. कुणाला काय द्यायचं ते आधीच ठरलेलं होतं, आणि नंतर गणिताने दोन्ही गट सारखे करून पाहिले. चिठ्ठ्या टाकून तुलना करण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला होता, 'स्पेअर' नावाने. फक्त ४५ रुग्ण मिळाले आणि चाचणी बंद करावी लागली. स्वाभाविक आहे. आपलं मूत्राशय ठेवायचं की काढायचं हे चिठ्ठीवर सोडायला किती माणसं तयार होतील?

कुणाला चालतो, कुणाला नाही

कर्ज मागणारा प्रत्येक जण पात्र नसतो, तसंच इथे आहे. त्या ७२२ रुग्णांचे निकष साधारण असे होते : गाठ एकच, सात सेंटिमीटरपेक्षा लहान, मूत्रपिंडाला सूज नसावी किंवा असली तर एकाच बाजूला, अस्तरावर कर्करोगाचे विखुरलेले डाग मोठ्या प्रमाणात नसावेत. शिवाय गाठ दुर्बिणीने जवळपास पूर्ण निघालेली असावी आणि मूत्राशय मुळात नीट काम करत असावं. ज्याला आधीच दर अर्ध्या तासाला जावं लागतं, लघवी थांबत नाही, त्याने ते मूत्राशय राखून काय मिळवायचं?

यात वयाची अट नाही, हे लक्षात घ्या. वय म्हणजे आधार कार्डावरची जन्मतारीख. डॉक्टरांना हवी असते ती शरीराची ताकद. त्यासाठी 'जी ८' नावाची आठ मुद्द्यांची छोटी प्रश्नावली आहे : भूक कमी झाली का, वजन उतरलं का, घराबाहेर चालता येतं का, स्मरण आणि मन कसं आहे, उंचीच्या मानाने वजन किती, तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, स्वतःला प्रकृती कशी वाटते आणि वय किती. आठातला एकच मुद्दा वयाचा आहे. माझी तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी आधी आहार आणि साखर सुधारायला सांगितली, मग तारीख दिली.

आणि जे फारच थकलेले आहेत, रोज येऊच शकत नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठीही ब्रिटनमध्ये काम झालं आहे. आठवड्यातून एकदाच किरण, असे सहा आठवडे. 'हायब्रिड' नावाच्या त्या चाचणीत ६५ रुग्ण होते आणि निम्म्यांचं वय ८५ किंवा त्याहून जास्त. हा पूर्ण उपचाराइतका तोलामोलाचा नाही, पण रक्तस्राव आणि आजार आटोक्यात ठेवण्याचा मार्ग आहे. 'या वयात काही करता येत नाही' असं कुणी म्हणालं, तर हे आठवा.

प्रत्यक्षात कसं गेलं

मूत्राशय ही हलती-फुगती वस्तू. काल होती त्या आकारात आज नसते. म्हणून रोज लघवी करून टेबलावर जायचं, मशीन आधी आतलं चित्र घेतं आणि त्या दिवशीच्या आकाराला जुळणारा आराखडा निवडला जातो. लहान, मध्यम, मोठा असे आराखडे आधीच तयार असतात. त्यामुळे आतडं आणि गुदाशय वाचतं. हे काही परदेशातच होतं असं नाही. परळच्या टाटा मेमोरिअलमध्ये अशा पद्धतीचे किरणोपचार होतात आणि तिथल्या डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंधही लिहिले आहेत.

पहिले दोन आठवडे मला वाटलं, काहीच होत नाही. तिसऱ्या आठवड्यापासून जळजळ सुरू झाली. रात्री सात-आठ वेळा उठणं, पातळ शौच, दुपारी खुर्चीतच झोप. ताक-भात, मऊ खिचडी, भरपूर पाणी. उपचार संपल्यावर पाच-सहा आठवड्यांत हे सगळं ओसरलं. काही जणांना पुढे त्रास राहतो : मूत्राशय आक्रसतं, कधी रक्त येतं. अमेरिकेतल्या चार चाचण्यांत मूत्राशय राखून दोन वर्षांहून जास्त जगलेल्या १५७ रुग्णांत असा गंभीर उशिराचा त्रास ७ टक्क्यांना झाला.

आता खर्चाची बाजू. मूत्राशय राहिलं म्हणजे आजाराला परत येण्याची जागाही राहिली. त्या २८२ जणांपैकी ३८ जणांचं, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांचं, मूत्राशय नंतर काढावंच लागलं. किरण दिलेल्या जागी शस्त्रक्रिया करणं शल्यचिकित्सकाला अधिक अवघड जातं. म्हणून आधी दर तीन महिन्यांनी, नंतर अंतर वाढवत, दुर्बिणीची तपासणी करावीच लागते. प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. तीन वर्षं झाली तरी नाही. ज्याला ही टांगती तलवार सोसवणार नाही किंवा जो तपासणीला जाणारच नाही, त्याने हा रस्ता घेऊ नये.

विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या. एक, रिपोर्टच्या नमुन्यात स्नायू आला होता का, आणि कर्करोग त्यात शिरला आहे का? दोन, गाठ पूर्ण निघाली का, पुन्हा दुर्बीण करायची गरज आहे का? तीन, मूत्रपिंडाला सूज आहे का, जीएफआर किती? चार, अस्तरावर इतरत्र डाग आहेत का? पाच, मूत्राशय राखण्याचा उपचार मला लागू आहे का, नसेल तर नेमका कशामुळे? सहा, आजार उलटला तर पुढे काय? नकार मिळाला तरी कारणासह घ्या. कारण कळलं की मन शांत राहतं.

आणि निर्णय एकाच डॉक्टरच्या खोलीत घेऊ नका. बँकेत मोठी रक्कम एका सहीवर सुटत नाही. इथेही मूत्ररोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ अशा दोघांच्या सह्या हव्यात. औषधांचे कर्करोगतज्ज्ञ तिसरे असले तर उत्तमच.

पैशाबद्दल थोडं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याकडे आहे. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. कार्ड आजार होण्याआधी काढून ठेवा. कुठल्या रुग्णालयात कुठला उपचार बसतो, ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि शेवटी सोसायटीचं

मित्रहो, या उपचारात वयस्कर माणसाला सगळ्यांत जड काय जातं ठाऊक आहे? २० दिवस जाणं आणि २० दिवस येणं. मशीन तिथेच असतं, माणूस पोचत नाही, आणि उपचार अर्धवट सुटतो. माझ्या वेळी आपल्या बी विंगमधल्या सात जणांनी वार वाटून घेतले. कुणी गाडी काढली, कुणी रिक्षातून बरोबर आलं. एक वहिनी रोज तेवढे दोन तास सौ. जवळ बसायच्या. नावं घेऊ नका अशी त्यांचीच अट आहे, म्हणून घेत नाही. माझा एकही हप्ता चुकला नाही तो त्यांच्यामुळे.

पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाक्या बांधल्या, सौर दिवे लावले. माझी कार्यकारिणीला विनंती आहे की या वर्षी ऑफिसात एक साधी वही ठेवावी. कोण कुठल्या वारी गाडी काढू शकेल, कोण दोन तास घरी बसू शकेल, कोण रात्री हाक मारली तर येईल, एवढंच तिच्यात लिहायचं. कर्करोगच असायला हवा असं नाही. डायलिसिस असेल, डोळ्यांचं ऑपरेशन असेल. पहिल्या पानावर मी माझं नाव लिहितो. गाडी मी आता चालवत नाही, पण मंगळवार-शुक्रवार कुणाहीबरोबर इस्पितळात बसायला मी मोकळा आहे. सौ. जवळ बसायला मात्र त्या दिवशी कुणीतरी लागेल, तेही त्याच वहीत लिहितो.

 प्रश्न असतील तर विचारा. सगळ्यांसमोर विचारायचा संकोच वाटला तर संध्याकाळी सहानंतर घरी या. चहा मीच करतो.